वडिलांनी सुदानहून आणलेली कोरीव काठी खरंच ‘झांडे राजदंड’ आहे का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांनाही कळेल. वडील फौजेत होते, २००८-०९ मध्ये युएनच्या मिशनवर दक्षिण सुदानात होते, परत येताना तिथल्या जुबा शहराच्या बाजारातून एक काळपट लाकडाची अडीच फुटी काठी घेऊन आले, वरच्या टोकाला माणसाचं डोकं कोरलेलं. वडील आता नाहीत, काठी शोकेसमध्ये पडून होती, आणि मध्यंतरी एका ग्रुपवर कुणीतरी फोटो बघून सांगितलं की हा तर मध्य आफ्रिकेतल्या झांडे लोकांच्या सरदाराचा राजदंड, लाखांत जाईल. मग तुम्ही विचारलंय की खरा आहे का, किती जुना असेल, आणि तडा जातोय असं वाटतंय तर तेल लावू का.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो कारण ते उशिरा वाचलंत तर काही उपयोग नाही. लावू नका. खोबरेल नाही, जवसाचं नाही, टचवूड तर अजिबात नाही. कारण पुढे सांगतो.

मी लाकडी वस्तूंच्या जतनाचं काम करतो, बावीसेक वर्षं झाली, त्यातली काही वर्षं युरोपातल्या एका म्युझियमच्या स्टोअरमध्ये मध्य आफ्रिकेच्या वस्तू हाताळण्यात गेली. त्यामुळे मी बोलतोय ते वस्तू हातात घेऊन, उलटी करून, भिंगाखाली बघून जेवढं कळतं त्याच्या आणि सोबत केलेल्या वाचनाच्या जोरावर. फोटोवरून निकाल देणारा माणूस मी नाही आणि तुम्ही टाकलेल्या फोटोत तर काठीपेक्षा शोकेसची काचच जास्त दिसतेय.

आता मुद्द्याचं. ‘खरा की खोटा’ याच्या आधी एक प्रश्न विचारायला लागतो, तो म्हणजे झांडे लोकांत सत्ता दाखवायला काठी लागायची का? आपल्याकडे राजा म्हटलं की मुकुट, सिंहासन, राजदंड हा सेट डोक्यात तयारच असतो, आणि विकणाऱ्यालाही तो माहीत असतो, म्हणून कुठल्याही कोरीव काठीला ‘राजदंड’ म्हटलं की गिऱ्हाईक लगेच मान डोलावतं.

झांडे लोक, त्यांच्या भाषेत अनेकवचन अझांडे, आज तीन देशांत विभागलेत. दक्षिण सुदानचा पश्चिम इक्वेटोरिया म्हणजे यांबियो, एझो, तांबुरा हा भाग, काँगोचा उत्तरपूर्वेकडचा उएले नदीचा पट्टा, आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाचा आग्नेय कोपरा. यांच्यावर राज्य करणारं कुळ अवोंगारा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात या कुळातल्या राजपुत्रांनी लढत लढत मोठा प्रदेश घेतला, एकेका मुलाने वेगळं राज्य उभं केलं, जिंकलेल्या लोकांना आपल्यात मिसळून घेतलं. म्हणजे एकच राजा आणि एकच गादी असा प्रकार नव्हता, बरीच राज्यं होती आणि भाऊबंदकी आपल्यासारखीच जोरदार.

या राजांकडे १८७० च्या सुमाराला जॉर्ज श्वाइनफुर्थ नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ जाऊन आला. त्याने लिहिलंय की इथले राजे बाह्य थाटामाटाला किंमतच देत नाहीत. डोक्यावर एखादं कातडं बांधायचा मान, एवढंच काय ते चिन्ह, पण चालण्या-वागण्यात असा रुबाब की कुणाला सांगायला लागू नये हा कोण आहे ते. त्यानेच सांगितलेली अजून एक गोष्ट मला फार आवडते. वाटेवर एका झाडाच्या फांदीला तीन वस्तू टांगलेल्या दिसल्या, मक्याचं कणीस, कोंबडीचं पीस आणि बाण. अर्थ सरळ होता, आमच्या कणसाला हात लावलात किंवा कोंबडी उचललीत तर बाण आहेच. युद्धाची नोटीसच ती, ना सही ना शिक्का, आणि वाचता न येणाऱ्यालाही समजेल अशी.

मग सत्ता होती कशात? १९२६ ते १९३० या काळात एडवर्ड इव्हान्स-प्रिचर्ड हा इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ त्यांच्यात राहून आला, त्याचं लिखाण वाचलं की चित्र स्पष्ट होतं. राजाचा दरबार, तिथे येणारे तंटे, आणि निकालासाठी ‘बेंगे’. बेंगे म्हणजे एका वेलीपासून केलेलं विष, ते कोंबडीच्या पिल्लाला पाजायचं, प्रश्न विचारायचा, पिल्लू मरतं की जगतं त्यावर उत्तर, आणि उत्तर पक्कं करायला दुसऱ्या पिल्लावर उलटा प्रश्न. हे घरोघरी चालायचंच, पण राजाच्या बेंगेने दिलेला कौल शेवटचा, त्यावर अपील नाही. शिवाय दरबारात येणाऱ्या लढवय्यांना राजा जेवू घालायचा, भाले वाटायचा. क्पिंगा नावाची ती तीन-चार पात्यांची फेकायची हत्यारं पण राजघराण्याच्या ताब्यात असायची आणि लढाईच्या वेळी बाहेर निघायची. कौल, जेवण, हत्यार, या तीन गोष्टी ज्याच्या हातात तो राजा.

म्हणजे काठ्या नव्हत्याच का? होत्या. प्रमुखांच्या, वडीलधाऱ्यांच्या हातात कोरीव दांडे असायचे, टोकाला डोकं किंवा पूर्ण आकृती असलेले, कधी दांड्याला तांब्याची तार गुंडाळलेली. हस्तिदंती मुठीचे सुरे, कोरीव स्टुलं, डोकं कोरलेली वाद्यं, या सगळ्या मानाच्या वस्तूंच्याच पंगतीत त्या बसतात. पण ती काठी सत्ता ‘दाखवायची’, सत्ता ‘द्यायची’ नाही. आपल्याकडे विधानसभेत अधूनमधून कुणीतरी राजदंड पळवतो, फोटो येतात, दुसऱ्या दिवशी सभागृह पुन्हा सुरू. पळवणारा काही अध्यक्ष होत नाही. उलट वारीत चोपदाराने दंड वर केला की हजारो माणसं एका क्षणात गप्प होतात, तोच दंड बाजारातून विकत आणून मी वर केला तर लोक माझ्याकडे बघून हसतील. काठी तीच, हात कुणाचा आणि जागा कोणती त्यावर सगळं.

म्हणून कुणी मला वस्तूचं नाव ‘राजदंड’ सांगितलं की मी विचारतो, कुणाच्या हातात होती? याचं उत्तर असेल तर राजदंड, नसेल तर कोरीव काठी. कोरीव काठीत कमीपणा काहीच नाही.

आता त्या डोक्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच आहे. झांडेंचे शेजारी मांगबेटू. त्यांच्यात लहानपणी डोकं बांधून कवटी मागे लांब करायची पद्धत होती, वरून बायकांची ती पसरट चकतीसारखी केशरचना. श्वाइनफुर्थपासून प्रत्येक गोरा प्रवासी या डोक्यांवर फिदा. १९०९ ते १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमचे लँग आणि चॅपिन काँगोत होते, त्यांनी हजारो वस्तू गोळा केल्या, मग १९२४-२५ मध्ये सित्रोएन या फ्रेंच गाडी कंपनीची आफ्रिका मोहीम निघाली आणि मांगबेटू बाईचा तो चेहरा युरोपभर पोस्टरवर गेला. मागणी वाढली तसं कारागीरही तेच कोरायला लागले, आणि त्यात झांडे कारागीरही होते. आधी सुरा, डबी, वाद्य साधंच असायचं किंवा नुसती नक्षी असायची, तिथे डोकी यायला लागली. अभ्यासकांनी हे नीट दाखवून दिलंय की या भागातल्या माणसाच्या आकृतीच्या कोरीवकामाचा मोठा हिस्सा पाहुण्यांच्या आवडीने फुगलेला आहे. त्यामुळे तुमच्या काठीवरचं डोकं जितकं देखणं, लांबट, पुस्तकातल्यासारखं, तितका मी जास्त सावध. बाजारात मांगबेटू डोकं झांडे नावाने आणि झांडे काम मांगबेटू नावाने सर्रास जातं.

एक आठवण सांगतो. स्टोअरमध्ये एक वस्तू होती, जुन्या शाईतली चिठ्ठी, ‘न्याम-न्याम राजदंड’. न्याम-न्याम हे झांडेंना शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव, अर्थ साधारण ‘खादाड’, त्यामुळे ते स्वतः काही हे नाव वापरत नाहीत, पण एकोणिसाव्या शतकातल्या चिठ्ठ्यांवर तेच सापडतं, म्हणून वस्तू जुनी आहे याचा तो एक चांगला पुरावा. तर वस्तू सुंदर, हातभर लांब, वर छोटं डोकं, मान ताठ, डोळ्यांच्या जागी बारके मणी. मी वर्णन लिहायला घेतलं आणि आडवी धरून दिव्याच्या उजेडात फिरवली तेव्हा लक्षात आलं की दांडा सरळ नाहीये, हलकासा धनुष्यासारखा वाकलाय. आणि एका बाजूला ओळीने पाच गोल डाग. भिंग लावलं, डाग कसले, भोकं होती ती, आत दुसऱ्या लाकडाच्या खुंट्या ठोकून वरून मेण आणि काजळी भरलेली. पाच भोकं म्हणजे पाच तारांच्या खुंट्या. तो राजदंड नव्हताच, कुंडीची मान होती. कुंडी म्हणजे आपली झाडांची नव्हे, झांडेंची वाकड्या मानेची हार्प, खाली कातड्याचा पेटीसारखा भाग आणि वर पाच तारा, मानेच्या टोकाला बऱ्याचदा डोकं कोरलेलं. खालचा भाग कधीतरी तुटला असणार, आणि मोडक्या वाद्यापेक्षा राजदंड बरा खपतो हे कुणाच्या तरी लक्षात आलं असणार. मला विचाराल तर त्या दिवशी वस्तूची किंमत वाढली. राजाच्या हातात काठी होती की नाही कोण जाणे, पण ती मान कुणा वादकाच्या खांद्याशी वर्षानुवर्षं टेकलेली होती, एका बाजूची झीज तेच सांगत होती.

म्हणून तुमचं पहिलं काम हे. काठी टेबलावर ठेवून डोळ्याच्या रेषेत बघा, वाकलीय का, आणि बोट फिरवून ओळीत भरलेली भोकं लागतात का.

पुढचं, बूड. अडीच फुटांची काठी टेकत चालायला उपयोगी नाही, मोठ्या माणसाच्या मांडीपर्यंतच येते ती. अशी काठी हातात, काखेत किंवा खांद्यावर राहणार. मग झीज मधे, जिथे मूठ येते तिथे हवी, आणि बूड बऱ्यापैकी शाबूत हवं. बूडच घासून घासून म्हातारं केलेलं असेल आणि मुठीच्या जागी काहीच फरक नसेल तर कुणीतरी कानस घेऊन वय वाढवलंय. खरी हाताची झीज एकसारखी कधीच नसते, अंगठ्याकडे वेगळी, बोटांकडे वेगळी, उंचवटे गुळगुळीत आणि उजळ, खाचा काळ्या आणि थोड्या चिकट. नकली कामात उंचवटा आणि खाच एकाच रंगाची, कारण बूटपॉलिश सगळीकडे सारखंच बसतं.

मग कान, हनुवटीच्या खालचा भाग, मानेचा मागचा भाग. पुढून चेहरा सगळेच नीट करतात, खरं काम मागे कळतं. सुताराच्या वाकसाने आणि चाकूने काम केलेलं असेल तर लहान लहान सपाट पैलू दिसतात, काकडी सोलल्यासारखे. समांतर बारीक ओरखडे दिसले तर तो सँडपेपर, आणि सँडपेपर म्हटलं की बहुतेक वेळा बाजारासाठीचं काम. बहुतेक म्हणतोय, नेहमी नाही, १९३० नंतर हत्यारं तिकडेही बदलत गेली, नुसत्या एका ओरखड्यावर फाशी देऊ नये.

रंगासाठी एक गावठी वाटेल अशी ट्रिक, पण आमच्या धंद्यात सगळे वापरतात. कापसाचा बोळा थुंकीने ओलसर करा, हसू नका, थुंकी हे सगळ्यात सौम्य क्लीनर आहे, आणि बुडाशी न दिसणाऱ्या जागी अगदी हलकं फिरवा. राखाडी मळ आला तर ठीक. तपकिरी रंग भसाभस उतरला तर तो लावलेला रंग आहे, परमॅंगनेट किंवा पॉलिश. शोकेसच्या आत नाक घालून वास पण घ्या, बूटपॉलिशचा वास वर्षानुवर्षं राहतो. किड्याची भोकं असतील तर खूश होऊ नका, नवीन लाकूड मुद्दाम जमिनीत पुरून, वाळवीला खायला घालून ‘जुनं’ करतात. खऱ्या किड्याचा बोगदा आत वळणं घेतो. ड्रिलचं भोक सरळ जातं आणि एकाएकी संपतं.

वयाच्या बाबतीत लोक लगेच कार्बन डेटिंग म्हणतात. साधारण १६५० नंतरच्या लाकडाला त्यातून नीट तारीख मिळत नाही, तीनशे वर्षांचा घोळ होतो. त्याचा एकच पक्का उपयोग, १९५० च्या दशकातल्या अणुचाचण्यांनंतर वाढलेलं लाकूड ओळखता येतं. म्हणजे ‘हे नवीन आहे’ असं छातीठोक सांगता येईल, ‘हे १८८० चं आहे’ असं नाही. आणि जुनं लाकूड घेऊन काल कोरलं असेल तर तेही नाही. एवढा खर्च करण्यासारखी तुमची केस मला तरी वाटत नाही.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर वाक बघा, भोकं बघा, बूड आणि मूठ यांची झीज ताडून बघा, कानामागचं हत्याराचं काम बघा, रंग उतरतो का बघा, आणि चेहऱ्यावर सगळ्यात शेवटी जा. लोक नेमकं उलटं करतात.

तरी माझा अंदाज विचारलात म्हणून सांगतो. २००८ मध्ये जुबाच्या बाजारात, युएनची माणसं शहरात भरलेली असताना विकली गेलेली काठी ही बहुधा पाहुण्यांसाठीच केलेली असणार. तेव्हा देशही वेगळा झाला नव्हता, तो झाला ९ जुलै २०११ ला, दोन दशकांच्या युद्धातून लोक नुकते बाहेर येत होते, आणि काँगो-युगांडाच्या बाजूने अशा वस्तू जुबात सहज पोचायच्या. म्हणजे ‘झांडे’ हेही कदाचित विकणाऱ्याचंच बारसं. अपवाद असतात, युद्धात घरातल्या जुन्या चीजवस्तूही बाजारात येतात, म्हणून मी वर एवढं तपासायला सांगितलं. पण लाखांचं स्वप्न आजच्यापुरतं बाजूला ठेवा.

आणि डोळे किंवा मूठ हस्तिदंताची निघाली तर विकण्याच्या भानगडीत पडूच नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकाल. बिबट्याचं कातडं गुंडाळलेलं असेल तरी तेच. आधी वकिलाला विचारा, ओएलएक्सला नको.

तेलाचं कारण राहिलं. सुरुवातीच्या वर्षांत मी एक चूक केली होती. एका दांड्याच्या मुठीवर काळा चिकट थर होता, मला वाटलं शंभर वर्षांचा मळ, स्पिरिटने छान साफ केला. बोळा लाल झाला तेव्हा हात थांबला. तिकडे एका लाकडाची लाल भुकटी तेलात कालवून अंगाला लावायची पद्धत, ती हातांवरून मुठीवर उतरलेली. म्हणजे ज्याने कुणी ती काठी वापरली त्याचा हात मी पुसून टाकला होता. वरिष्ठ बाई काही बोलल्या नाहीत, फक्त तो लाल बोळा डबीत घालून माझ्या टेबलावर ठेवला, महिनाभर तिथेच होता. तेल लावणं म्हणजे तीच चूक उलट्या बाजूने, जुना थर विरघळतो, धूळ आत बसते, वर पावसाळ्यात बुरशी. तडा तेलाने भरत नाही. तडा जातो हवेतल्या ओलाव्याच्या चढउताराने, म्हणून काठी एसीच्या झोतातून आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या शोकेसमधून काढा, सुती कापडात सैल गुंडाळून आतल्या कपाटात आडवी ठेवा. खाली ताजी पिठासारखी भुकटी पडत असेल तर किडा जिवंत आहे, तेव्हा फवारा मारू नका, मला कळवा, प्लास्टिकमध्ये हवाबंद करून डीप फ्रीझरचा उपाय असतो, पण त्याला उणे २० डिग्री लागतात, घरच्या फ्रीजचा वरचा कप्पा तेवढा थंड होत नाही.

जाता जाता एक, कारण तुम्ही लिहिलंय की ‘आता असे राजे कुठे राहिले’. आहेत ना. यांबियो हे शहराचं नाव ज्या राजावरून पडलं तो ग्बुद्वे (यांबियो हे त्याचंच दुसरं नाव), १९०५ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या मोहिमेत मारला गेला, आणि नंतर तिथली राजाची गादी रिकामीच. काँगोच्या बाजूला बेल्जियन लोकांनी प्रमुखांच्या गळ्यात सरकारी मेडल अडकवलं, ज्याच्याकडे मेडल तो प्रमुख. सुदानात इंग्रजांनी बेंगेचा कौल कोर्टातून काढून टाकला. वर कौल, जेवण, हत्यार म्हटलं ना, त्यातला कौल असा गेला. मग २०२२ च्या फेब्रुवारीत, ११७ वर्षांनी, ग्बुद्वेचाच वंशज अतोरोबा पेनी रिकितो याला यांबियोत राजा म्हणून बसवलं.

तर आता एवढं करा. वडिलांच्या मिशनवरच्या फोटोंचा अल्बम असेल तर काढा, एखाद्या फोटोत काठी किंवा ती विकणारा माणूस दिसतोय का बघा. आईला, त्यांच्या युनिटमधल्या कुणाला विचारून कुठे घेतली, कितीला घेतली, विकणारा काय म्हणाला हे आठवेल तसं तारखेसह लिहून ठेवा आणि तो कागद काठीसोबतच ठेवा, चिकटवू मात्र नका. आणि फोटो परत टाका, काच उघडून, दिवसाच्या उजेडात, बाजूला पट्टी ठेवून. पहिला बुडाचा, दुसरा कानामागचा.